वाचून दाखविले, बरोबर आहे

न्यायालयात साक्षीदाराची जबानी संपली की तिच्या तळाशी एक ठरलेले वाक्य येते: "वाचून दाखविले, बरोबर आहे." खान्देशातल्या निरनिराळ्या न्यायालयांत लघुलेखक म्हणून मी एकतीस वर्षे काढली आणि हे वाक्य इतक्या वेळा टंकले, की पुढे पुढे जबानीचा शेवटचा शब्द संपायच्या आत बोटे आपोआप त्याच्याकडे वळू लागली. खरे सांगायचे तर पुष्कळदा वाचून दाखविलेले नसे. पट्टेवाला पुढच्या साक्षीदाराचा पुकारा करीत असे, साहेबांसमोर दिवसभराचा बोर्ड पडलेला असे, आणि कठड्यातला माणूस, बाई असली तर विशेषच, तेथून केव्हा एकदा सुटतो या विचारात मान हलवून मोकळा होत असे. ती मान हलली की आम्ही धरून चालत होतो, की कागदावर उतरले तेच तो बोलला.

एका जबानीच्या बाबतीत ते खरे नव्हते, आणि ते त्याच क्षणी मला कळले होते. १९८७ सालचा हिवाळा होता. तापीकाठच्या एका गावची, विशी नुकतीच ओलांडलेली, मजुरीला जाणारी बाई साक्षीला उभी होती. कायद्यात १९८३ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दालन रिकामे करून दार लोटून घेतले होते. आत साहेब, दोन्ही वकील, आरोपी, एक महिला पोलीस आणि मी. साहेब कोकणातून बदलून आलेले, स्वभावाने सज्जन, पण अहिराणी त्यांच्या कानांना नवी होती, आणि अडले की ते माझ्याकडे पाहून "काय म्हणते ती?" असे विचारीत. सरकारी वकिलांनी विचारले, आरोपीने काय केले? ती म्हणाली, "त्यानी मना हात धरा." साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हात धरला, म्हणते." त्यांनी सांगितले आणि मी टंकले: "आरोपीने माझा हात धरला." वकिलांनी पुन्हा विचारले, पुढे काय झाले? तिने पदराचा काठ तोंडाला लावला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, या वेळी खूप हळू.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांना फारसे कष्ट पडले नाहीत. फिर्यादीत अतिप्रसंग लिहिला आहे, आज शपथेवर मात्र ही हात धरल्याचे सांगते, मग खरे कोणते? ती काही बोलली नाही. वैद्यकीय तपासणी उशिरा झालेली होती. निकालात बलात्काराचा आरोप शाबित झाला नाही आणि विनयभंगाची थोडी शिक्षा झाली. आमच्या बोलीत बाईमाणसाने परक्या पुरुषाबद्दल, त्या आवाजात, "हात धरा" म्हटले की त्याचा अर्थ काय होतो, हे अहिराणी घरात वाढलेल्या पोराला शिकवावे लागत नाही. मलाही ते ठाऊक होते. पण मी दुभाषी म्हणून नेमलेला नव्हतो, साहेबांनी शब्द विचारला होता आणि मी शब्दाला शब्द दिला. अर्थ मी माझ्याबरोबर घरी घेऊन आलो.

हे इतक्या वर्षांनी लिहावेसे वाटले, त्याला निमित्त झाली भाची. ती पुण्याला कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेते. युद्धांत स्त्रियांवर झालेले लैंगिक अत्याचार आणि त्यांना मिळालेला किंवा न मिळालेला न्याय, या विषयावर अमळनेरला महिलांच्या एका मेळाव्यात तिला मराठीतून बोलायचे होते. टिपणे इंग्रजीत होती. "मामा, तुम्ही आयुष्यभर बायकांचं बोलणं कागदावर उतरवलंत, एवढं मराठी तपासून द्या," असे म्हणून तिने कागदांची चळत माझ्यासमोर ठेवली. कोणाच्या हाती काय देतो आहोत, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्या चळतीत सगळ्यात वर रवांडाचे प्रकरण होते. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या महिन्यांत तेथे तुत्सी लोकांचा जो संहार झाला, त्याचे खटले चालविण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या आरुषा या गावी न्यायाधिकरण बसविले. टाबा नावाच्या विभागाचा प्रमुख झां-पॉल अकायेसू याच्यावरचा खटला जानेवारी १९९७ मध्ये उभा राहिला, तेव्हा दोषारोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा एक शब्दही नव्हता. तपास करणाऱ्यांना तो सापडला नव्हता, किंवा त्यांनी तो विचारला नव्हता. सुनावणी सुरू झाल्यावर एक बाई हत्यांबद्दल साक्ष द्यायला आली आणि बोलता बोलता सांगून गेली, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. तीन न्यायाधीशांच्या पीठावर एकच स्त्री होती: दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या, तमिळ वंशाच्या नवनीतम पिल्लै. विषयाला सोडून आहे म्हणून ते वाक्य बाजूला सारता आले असते. साक्षीदार भलतीकडे वळला की "विचारले तेवढेच सांगा" असे म्हणायची आमच्याकडेही रीत आहे. तेथे मात्र पीठाने तो धागा धरून तिला पुढचे विचारले. मार्चमध्ये दुसऱ्या बाईने सांगितले, की तिच्यावर ज्वारीच्या शेतात बलात्कार झाला आणि विभागाच्या कार्यालयाच्या आवाराबाहेर इतर बायकांवर तेच होताना तिने पाहिले. जूनमध्ये दोषारोपपत्र बदलले गेले. २ सप्टेंबर १९९८ रोजी जो निकाल लागला, त्यात वंशसंहाराचे एक साधन म्हणून बलात्काराकडे पाहून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच आरोपीला दोषी ठरविले.

ज्वारीच्या शेताशी मी बराच वेळ थांबलो. आमच्याकडची दादर ज्वारी पौषात माणसाच्या डोक्यावर जाते आणि तिच्या दोन ओळींमध्ये उभे राहिले तर दहा पावलांवरचा गाडीरस्ताही दिसत नाही. शेतात उभा असलेला माणूस बाहेर कोणाला दिसत नाही आणि त्याला बाहेरचे सगळे ऐकू येते. हे त्या निकालात लिहिलेले नाही, लिहायची गरजही नव्हती. पण ज्या माणसाला दादर ठाऊक आहे, त्याला ती बाई काय सांगत होती हे नकाशावाचून समजते.

माझ्या धंद्याची गोष्ट त्याच्या पुढे होती. त्या निकालात भाषांतरावर काही परिच्छेद खर्च केलेले आहेत. साक्षीदार किन्यारवांडा भाषेत बोलत होते आणि त्यांच्या जबानीत चार निरनिराळे शब्द येत होते, ज्या सगळ्यांचे भाषांतर 'बलात्कार' असे झाले होते. 'गुसांबान्या' म्हणजे व्यभिचार करायला लावणे. 'कुरुंगोरा' म्हणजे स्त्रीशी संभोग करणे. 'कुर्यामाना' म्हणजे एका बिछान्यावर निजणे. आणि 'गुफाता कु न्गुफू' म्हणजे कोणतीही वस्तू बळाने घेणे, आणि बलात्कार करणेही. एखाद्या कसलेल्या वकिलाच्या हाती हे चार शब्द पडले असते, तर त्याने पहिल्या तिघांवर अख्खा बचाव उभा केला असता: बाई स्वतःच निजले म्हणते, बळाचा उल्लेख नाही. पण पीठाने शब्दांच्या अर्थांची चौकशी केली, ते कोणत्या संदर्भात उच्चारले गेले हे पाहिले आणि ते सगळे निकालपत्रात नोंदवून ठेवले. बाईच्या तोंडी कायद्याचा शब्द नव्हता म्हणून तिच्यावर गुन्हाच झाला नाही, असे त्यांनी धरले नाही. हा भाग मी दोनदा वाचला आणि मग उठून अंगणात गेलो.

त्याच निकालाने बलात्काराची व्याख्याही वेगळ्या रीतीने केली. कोणता अवयव, कोठे, किती, या यांत्रिक वर्णनात गुन्ह्याचे सार सापडत नाही, असे म्हणून न्यायाधिकरणाने सांगितले, की जबरदस्तीच्या परिस्थितीत एखाद्या व्यक्तीवर केलेले लैंगिक स्वरूपाचे शारीरिक आक्रमण म्हणजे बलात्कार. आणि ही जबरदस्ती दर वेळी दंडेलीच्या रूपातच दिसेल असे नाही. हत्यारबंद माणसांचा वेढा असला, तर ती परिस्थितीतच भरलेली असते. हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला देसाईगंज आठवल्यावाचून राहणार नाही. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या गावी पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा पुढे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, या गोष्टी तिच्या विरुद्ध गेल्या. रात्रीची वेळ, ठाण्याचे बंद दार आणि आतले दोन गणवेशधारी पुरुष, ही परिस्थिती पुरावा म्हणून कोणी वाचली नाही. त्यावर देशभर जो संताप उठला, त्यातूनच १९८३ ची दुरुस्ती आली, जिच्यामुळे १९८७ साली आमच्या दालनाचे दार लोटलेले होते. दार लोटण्यापर्यंत कायदा पोहोचला होता. आतली बाई कोणत्या भाषेत बोलेल, याचा विचार तोवर झालेला नव्हता.

बोस्नियातल्या फोचा गावचे प्रकरण याच परिस्थितीच्या प्रश्नावर फिरते. १९९२ साली तेथे मुसलमान बायका-मुलींना शाळेत आणि पोलीस ठाण्यापासून जवळच असलेल्या 'पार्टिझान' नावाच्या क्रीडागृहात डांबले होते, आणि तेथून सर्ब सैनिक त्यांना हवे तेव्हा, हवे तेथे घेऊन जात. माजी युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांसाठी हेगला बसविलेल्या न्यायाधिकरणापुढे या बायका नावाने आल्या नाहीत, आकड्यांनी आल्या: साक्षीदार ४८, साक्षीदार ८७. कुनारात्स नावाच्या आरोपीचे एका मुलीबाबत म्हणणे असे, की पुढाकार तिनेच घेतला. घडले तसेच होते, कारण दुसऱ्या एका सैनिकाने तिला आधीच धमकावले होते, की याला खूश केले नाहीस तर परिणाम वाईट होतील. न्यायालयाने ती बंदिवान असल्याकडे बोट दाखविले आणि अशा बंदिवासात मोकळी संमती संभवत नाही, हे त्या सैनिकालाही कळत होते, असे म्हटले. झांबियाच्या फ्लोरेन्स मुंबा यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने २२ फेब्रुवारी २००१ रोजी तिघांना २८, २० आणि १२ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. बलात्काराबरोबर लैंगिक गुलामगिरी हाही मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला. हेगच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती, जी वाचून आमच्या बारमधले काही जुने वकील अस्वस्थ झाले असते: लैंगिक अत्याचाराच्या साक्षीला दुजोरा देणारा दुसरा पुरावा लागत नाही, आणि बाईचे आधीचे वर्तन पुरावा म्हणून आणता येत नाही.

भाचीच्या टिपणांत एका ठिकाणी १९४९ च्या जिनिव्हा कराराचे वाक्य होते, ज्यात युद्धकाळात स्त्रियांना त्यांच्या सन्मानावरच्या हल्ल्यापासून, विशेषतः बलात्कारापासून, संरक्षण द्यावे असे म्हटले आहे. तिने त्या शब्दाचे मराठी 'अब्रू' केले होते. मी ते खोडले आणि पुन्हा तसेच लिहिले, कारण भाषांतर अगदी बरोबर होते. चूक मूळ वाक्यातच होती. आपल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे 'अब्रू लुटली' असे छापले. जिनिव्हाच्या विद्वानांनीही वेगळे काही केलेले नव्हते. लुटली जाणारी वस्तू अब्रू असेल, तर लुटीनंतर बाईकडे ती उरत नाही आणि लुटणाऱ्याची मात्र शाबूत राहते, हा हिशेब कोणाच्या ध्यानात कसा आला नाही, याचे मला आज आश्चर्य वाटते. अर्थात मीही तो शब्द टंकलेला आहेच.

मग 'सर्व्हायव्हर'साठी काय लिहायचे? 'बळी' म्हटले तर ती मेलीच. 'पीडिता' हा शब्द सरकारी कागदांत रुळला आहे, पण त्यात ती कायमची पीडेतच बसलेली दिसते. 'वाचलेली' म्हणावे तर पुरातून वाचल्यासारखे वाटते, आणि तसे पाहिले तर तेच त्यातल्या त्यात खरे आहे. शेवटी आम्ही बहुतेक ठिकाणी नुसते 'त्या बायका' असे ठेवले.

गौरवाच्या शब्दाचेही काय होते, हे बांगलादेशाने दाखविले आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याने आणि त्याच्या साथीदारांनी ज्या बायकांवर अत्याचार केले, त्यांची संख्या दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत सांगितली जाते आणि तिच्यावर वादही आहेत. युद्ध संपताच, डिसेंबर १९७१ मध्ये, नव्या सरकारने त्यांना 'वीरांगना' ही पदवी दिली. हेतू चांगला होता. पण गावोगावी लोकांनी एक अक्षर फिरवून त्याचे 'वारांगना' केले. मराठी वाचकाला हा श्लेष समजावून सांगावा लागत नाही, इतका तो आपलाही आहे. सन्मान म्हणून दिलेल्या नावाने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना बाई ओळखता येऊ लागली. खटल्यासाठी निवडलेले १९५ पाकिस्तानी युद्धकैदी १९७४ च्या त्रिपक्षीय करारानंतर मायदेशी परत गेले. गुन्ह्यांसाठीचा कायदा १९७३ मध्ये झाला होता, पण न्यायाधिकरण बसायला २०१० उजाडले, आणि त्या बायकांची नोंद स्वातंत्र्यसैनिक म्हणून व्हायला २०१५.

आमच्या गल्लीत फौजी नाना राहत. १९७१ साली ते पूर्वेच्या आघाडीवर होते. गणपतीत पोरे भोवती जमली की ते नद्या, पूल, शरणागती हे सगळे रंगवून सांगत. एकदाच, मी आणि ते दोघेच ओट्यावर असताना, एका सोडून दिलेल्या ठाण्यात त्यांना बायका सापडल्याचे त्यांनी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आपल्याला बंगाली येत नव्हते, म्हणून आपण घोंगडी दिली आणि पुढे निघालो, एवढेच. मी विचारले, वर कळविले का? नाना म्हणाले, "काय कळवणार? त्यांनी सांगितलं असतं तर कळवलं असतं." त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर मी त्याला दोष दिला असता. पण माझी स्वतःची १९८७ ची जबानी मला आठवत होती, म्हणून मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

सांगितले असते तर, यात आणखी एक मेख आहे, ती म्हणजे केव्हा सांगितले असते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपिन्स, इंडोनेशिया येथून बायका आपल्या छावण्यांत कोंडल्या. टोकियोच्या मोठ्या खटल्यात याचा आरोप कोणावर ठेवला गेला नाही. किम हाक-सून या कोरियन वृद्धेने १४ ऑगस्ट १९९१ रोजी स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने हे जगापुढे सांगितले, तेव्हा युद्ध संपून ४६ वर्षे झाली होती. पुढच्या जानेवारीपासून सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शने सुरू झाली. इतक्या उशिरा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. कठड्यातल्या बाईला विचारला जाणारा तो पहिला प्रश्न असतो. फिर्याद दुसऱ्या दिवशी दिली असली तरी विचारतात.

आणि हा प्रश्न केवळ आडदांड वकीलच विचारतात असे नाही. चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याच्यावर सेनेगलमधल्या डाकार येथे खास न्यायालयात खटला चालला. एका बाईने उघड न्यायालयात सांगितले, की खुद्द हाब्रेने तिच्यावर बलात्कार केला. ३० मे २०१६ रोजी त्याला इतर अनेक गुन्ह्यांबरोबर याबद्दलही दोषी धरले गेले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली, पण त्या एका बलात्कारातून मात्र त्याला मोकळे केले, कारण ती हकीकत दोषारोपपत्रात नव्हती आणि फार उशिरा पुढे आली होती. तिच्या शब्दावर न्यायालयाने अविश्वास दाखविला नव्हता. आरुषातही ती हकीकत दोषारोपपत्रात नव्हतीच. पण तेथे सुनावणीच्या मध्यात आरोपपत्र बदलायला वाट ठेवली गेली. कायद्याच्या बाजूने डाकारचा निर्णय समजावून सांगता येतो, भाचीने तो मला नीट समजावूनही दिला, कारण ज्या आरोपाची सूचना आरोपीला मिळाली नाही त्यावर त्याला शिक्षा देणे योग्य नव्हे. हे मला पटते. आणि तरी त्या बाईला हे कोणी, कोणत्या भाषेत आणि किती वेळ बसून समजावले असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आरुषाचे गुणगान करतानाही हात आखडता घ्यावा लागतो. तेथेच, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये, रवांडातल्या बुतारे गावच्या खटल्यात एका बाईची उलटतपासणी चालली असताना वकिलाने विचारले, की तुम्ही त्या दिवसांत आंघोळ केलेली नव्हती ना, मग बलात्कार होईलच कसा. आणि प्रश्नांच्या त्या भडिमारात पीठावरचे न्यायाधीश हसले. आपण वकिलाच्या अजागळपणावर हसलो, बाईवर नव्हे, असा खुलासा झाला. असेलही. पण हसू कोणावर आहे हे जबानीत लिहिले जात नाही. कठड्यातून तर ते एकाच दिशेने येताना दिसते. त्याच खटल्यात रवांडाची माजी कुटुंब व महिला विकास मंत्री पोलिन न्यिरामासुहुको हिला २०११ मध्ये वंशसंहार आणि बलात्कार यांबद्दल दोषी धरले गेले. या कामाला दहा वर्षे लागली.

एकाच प्रकरणाबद्दल वाचताना मला थोडे हायसे वाटले, ते ग्वाटेमालाचे. तेथल्या सेपूर सार्को गावाजवळच्या केक्ची समाजातील शेतकऱ्यांनी जमिनीचे कागद मागितले, म्हणून १९८२ साली सैन्याने त्यांना नेले आणि ते परत आले नाहीत. मग त्यांच्या बायकांना लष्करी ठाण्यावर पाळीपाळीने बोलावले जाऊ लागले: सैनिकांच्या भाकऱ्या करायच्या, नदीवर त्यांचे कपडे धुवायचे, आणि बलात्कार सोसायचे. मका आणि साबण बायकांनी घरून आणायचा. या साबणापाशी मी अडलो. अत्याचार करणाऱ्याच्या गणवेशासाठी साबणसुद्धा स्वतःच्या पैशाने आणणे, हे जबानीतले असे वाक्य आहे, की जे कोणी रचून सांगू शकत नाही. खटला त्यांच्याच देशाच्या न्यायालयात चालला. बायका स्पॅनिश नव्हे, केक्ची बोलत होत्या आणि दुभाषी रीतसर नेमलेला होता. त्यांच्या साक्षी २०१२ मध्येच नोंदवून ठेवल्या होत्या, त्यामुळे २०१६ मध्ये प्रत्यक्ष सुनावणीत ती चित्रफीत दाखविली गेली. पुन्हा पहिल्यापासून सांगायची पाळी त्यांच्यावर आली नाही. अकरा वृद्ध बायका डोक्यावरून रंगीत शाली घेऊन, चेहरे झाकून, समोर रांगेने बसल्या. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी एका माजी लष्करी अधिकाऱ्याला १२० वर्षांची आणि त्याच्या एका साथीदाराला २४० वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेचे आकडे नुसते बेरजेचे आहेत. मला महत्त्वाचे वाटले ते भरपाईचे कलम, ज्यात आरोग्य केंद्र, शाळा आणि जमिनीच्या कागदांचे राहिलेले काम होते. ज्या मागणीपायी नवरे गेले, ती मागणी निकालपत्रात आली.

भाचीचे भाषण मराठीत बसले, पण एका जागी तिचे समाधान होईना. किन्यारवांडाचे ते चार शब्द मेळाव्यातल्या बायकांना पोहोचायचे असतील, तर त्यांच्याच बोलीतले चार शब्द शेजारी ठेवायला हवेत, असे तिला वाटत होते. "मामा, अहिराणीत काय म्हणतात?" हे पुरुषाने कोणाला विचारावे? श्रावण चालू होता, आमच्या घरी कानबाई, ही आमच्या खान्देशची देवी, बसली होती, आणि रविवारी रोटांच्या पुरणासाठी भाऊबंदकीतल्या सात-आठ बायका स्वयंपाकघरात जमल्या होत्या. मी बायकोला सांगितले, तू विचार. ही माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली आणि आत गेली. मी बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसलो. आत बराच वेळ गप्पागोष्टी चालू होत्या, मग आवाज उतरले, मग नुसता पाट्यावरचा वरवंटा ऐकू येत होता.

ही बाहेर आली तेव्हा हात पिठाचे होते. ती एकेक सांगत गेली आणि मी लिहीत गेलो: हात धरा. अंगवर उना. वाईट करं. जबरी करी. मी म्हणालो, यातला फक्त शेवटचा कायद्याला कळेल. ती म्हणाली, पण तो कोणी फारसा बोलत नाही, तो पोलिसांकडून आलेला आहे. बाया पहिला म्हणतात. मी विचारले, सगळ्यांनी सांगितले? ती म्हणाली, मोठ्या वहिनी बोलल्या नाहीत.

फौजदारी प्रक्रिया संहितेत २८० वे कलम होते. साक्ष चालू असताना साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना महत्त्वाचे वाटेल ते त्यांनी जबानीतच नोंदवावे, असे ते सांगे. एकतीस वर्षांत ते कलम वापरल्याचे मला पाच-सहा वेळाच आठवते, आणि तेही 'साक्षीदार उत्तर टाळतो' असे लिहिण्यासाठी. १९८७ च्या त्या जबानीत 'हात धरला' या वाक्यानंतर लगेच पुढचा प्रश्न आहे. मध्ये काहीच नाही.

मी हिला विचारले, बोलल्या नाहीत म्हणजे काय केले? ती म्हणाली, काही नाही, पदर तोंडाला लावला आणि पुरण वाटत राहिल्या. हे कुठे लिहिता, असेही ती म्हणाली. मी चौथ्या शब्दाखाली पाचवा आकडा घातला आणि लिहिले: पदराचा काठ तोंडाला लावला. मग वही तिच्यापुढे धरली आणि पहिल्यापासून सगळे वाचून दाखविले.